आतलं सर्कल आणि आठ लाख

प्रश्न: ताई, भोसरीला आमचा छोटा कारखाना आहे, सुट्या भागांचं जॉबवर्क करतो. यजमान पन्नाशीला टेकलेत. दीडेक वर्षापूर्वी एका ओळखीच्या गृहस्थांच्या शब्दावरून ते फ्रीमेसन झाले. महिन्यातून एकदा काळा सूट घालून, पांढरे हातमोजे आणि कुलूपवाली चपटी बॅग घेऊन जातात, रात्री उशिरा जेवूनच येतात. आत काय चालतं विचारलं की ‘ते सांगता येत नाही’, एवढंच उत्तर. सासूबाईंच्या कानावर आलंय की ही सैतानाला मानणारी माणसं; त्या हल्ली संध्याकाळी रामरक्षा जरा मोठ्यानंच म्हणतात. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. तो डॉलरवरचा डोळा, तेहतिसावी डिग्री, इल्युमिनाटी असले व्हिडिओ पाठवत असतो. त्याचं म्हणणं, खालच्यांना काही ठाऊक नसतं, खरं राज्य आतल्या सर्कलचं. आणि आता हेही तसंच बोलायला लागलेत, फक्त अभिमानानं: वर फार मोठी माणसं आहेत, हळूहळू आत घेतात. लॉजमधल्याच (लॉज म्हणजे त्यांची स्थानिक शाखा) एका ब्रदरच्या, म्हणजे सभासदाच्या, नव्या धंद्यात आठ लाख घालायचं चाललंय. मुलीसाठी स्थळं बघतोय. समोरच्यांना हे सांगावं की लपवावं? मी घाबरायला हवं का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर: तुमचं मूळ पत्र चार पानांचं होतं, इथे ते आखडून छापलंय. त्या चार पानांत सैतान, डोळा आणि बॅग यांनी साडेतीन पानं खाल्ली आणि आठ लाखांच्या वाट्याला एक ओळ आली. मी असते तर उलट्या क्रमानं घाबरले असते. पण सैतान घरात ठाण मांडून बसलाय तोवर आठ लाखांकडे कुणाचं लक्ष जायचं नाही, म्हणून आधी त्याचाच निकाल लावू.

सासूबाईंना सांगता येईल इतकं सोपं करून सांगते. मध्ययुगात इंग्लंड-स्कॉटलंडात दगड घडवणाऱ्या कारागिरांच्या संघटना होत्या. पुढे त्यांत दगडाला कधी हात न लावलेली माणसं शिरली: सरदार, वकील, व्यापारी, पाद्री. मूळ कारागीर हळूहळू मागे पडले आणि त्यांची हत्यारं नुसती प्रतीकं म्हणून उरली. गुण्या, कंपास, ओळंबा, पाणसळ. तुमच्या यजमानांना ती वेगळी समजावून सांगावी लागली नसतील. लंडनमधल्या चार लॉजनी १७१७ मध्ये एकत्र येऊन ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजवरची मध्यवर्ती संस्था, काढली, असं मेसन परंपरेनं सांगत आलेत (तारखेवरून इतिहासकार अजून भांडतात, आपण त्यात पडायला नको), आणि १७२३ मध्ये जेम्स अँडरसन या पाद्र्यानं लिहिलेलं नियमांचं पुस्तक छापून निघालं. नियम साधे आहेत. सभासद सज्ञान पुरुष हवा. त्यानं ईश्वर मानायला हवा. कुठला, ते विचारायचं नाही. जुन्या सभासदांनी नाव सुचवायचं, मग पांढऱ्या-काळ्या गोट्या टाकून गुप्त मतदान. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला बंदी. मध्यभागी धर्मग्रंथ उघडून ठेवलेला असतो, आणि भारतातल्या लॉजमध्ये तो एकच नसतो: गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, गुरू ग्रंथसाहिब असे शेजारी-शेजारी मांडतात. सासूबाईंना एवढं एक वाक्य जरी सांगितलंत, तरी रामरक्षेचा आवाज थोडा खाली येईल.

आता विधी. नवख्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात, गळ्यात दोरीचा फास अडकवतात, एका पायाची पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळतात, छातीला टोकदार शस्त्र लावून आत नेतात. तिसऱ्या डिग्रीत, म्हणजे सभासदत्वाच्या तिसऱ्या पायरीवर, एक नाटक होतं. सॉलोमन राजाचं मंदिर बांधणारा हिराम अबिफ नावाचा कारागीर गुपित सांगत नाही म्हणून मारला जातो, आणि नवख्यालाच त्याची भूमिका करावी लागते. पूर्वी शपथेत गळा कापण्याची वगैरे भाषा होती. इंग्लंडच्या ग्रँड लॉजनं १९८६ मध्ये ती शपथेतून काढून टाकली. हे सगळं मला कोण सांगणार, असं तुम्हाला वाटेल. कुणी कशाला सांगायला हवं? सॅम्युअल प्रिचर्ड नावाच्या माणसानं १७३० मध्ये लंडनला सगळा विधी प्रश्नोत्तरांसकट छापून विकला आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. म्हणजे ग्रँड लॉज पुरती पंधरा वर्षांचीही नव्हती तेव्हाच तिचं गुपित बाजारात आलं होतं. त्याला पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, तरी तुमचे यजमान ते तुमच्यापासून जपताहेत. हसू नका. मुंजीत मुलाच्या कानात गायत्री मंत्र सांगतात, वर कापड धरून. तो मंत्र रेडिओवर लागतो, कॅलेंडरवर छापलेला असतो, तरी आपण कापड धरतोच. ज्याला ते सांगितलं जातं त्याला आपण या मंडळींतले झालो असं वाटावं, एवढाच त्या गुप्ततेचा उपयोग असतो.

आणि ‘सांगता येत नाही’ हे यजमान जरा ताणताहेत. इंग्लिश परंपरेतल्या मेसनांनी न सांगण्याच्या गोष्टी म्हणजे एकमेकांना ओळखण्याच्या खुणा आणि शब्द. आपण सभासद आहोत, कुठल्या लॉजचे, सभा कधी, जेवायला काय होतं, वर्गणी किती, देणगी कुठे दिली, यातलं काहीही सांगायला हरकत नसते. बॅगेत बहुतेक एप्रन आणि पाठांतराचं छोटं पुस्तक असेल.

पुतण्याकडे वळू. त्याला नुसतं ‘वेडा आहेस’ म्हणून भागणार नाही. ही पोरं हुशार असतात आणि त्यांच्याकडे नेहमी आणखी एक व्हिडिओ असतो. त्याला लिओ टॅक्सिलची गोष्ट सांगा. हे टोपणनाव, माणूस फ्रेंच, धंदा चर्चची टिंगल करणारी पुस्तकं लिहिण्याचा. १८८५ मध्ये त्यानं जाहीर केलं की मला पश्चात्ताप झालाय, मी चर्चच्या पायाशी परत आलोय. पोप तेराव्या लिओनं आदल्याच वर्षी मेसनांविरुद्ध मोठं पत्रक काढलं होतं, त्यामुळे गिऱ्हाईक तयारच होतं. टॅक्सिलनं लिहायला सुरुवात केली: साध्या मेसनांना ठाऊक नसलेलं एक आतलं वर्तुळ आहे, ते सैतानाला भजतं, त्याचा म्होरक्या अमेरिकेत चार्ल्स्टनला बसतो. मित्राला हाताशी धरून त्यानं आणखी जाडजूड पुस्तक काढलं, त्यात कोलकात्यातल्या सैतानी विधींची वर्णनं होती आणि सभेत पियानो वाजवणारी एक पंखवाली मगरही होती. हो, मगर. लोकांनी तीही मान्य केली. मग डायना व्हॉन नावाची, त्या वर्तुळातून पळून आलेली एक बाई आली. तिची पत्रं छापून आली, बिशप लोक तिच्यासाठी प्रार्थना करू लागले. बाई कुणी पाहिली नव्हती. १९ एप्रिल १८९७ ला पॅरिसच्या भूगोल संस्थेच्या सभागृहात टॅक्सिल तिला लोकांसमोर आणणार होता. त्या दिवशी तो एकटाच मंचावर आला आणि म्हणाला की बारा वर्षं मी तुमची फिरकी घेत होतो, यातलं काहीही खरं नाही. बाहेर पडताना त्याला पोलिसांचा आसरा घ्यावा लागला.

फिरकी संपली, पण तिचे तुकडे फिरतच राहिले. अल्बर्ट पाइक या अमेरिकन मेसनाच्या तोंडी घातलेलं ‘लुसिफर हाच देव’ छापाचं जे वाक्य पुतण्या तुम्हाला पाठवत असेल, ते याच कारखान्यातून निघालंय. डॉलरवरच्या डोळ्याचं आणखी सोपं. तो अमेरिकेच्या राजमुद्रेवर १७८२ मध्ये आला. ते चित्र मुक्रर करणारे दोघे मेसन नव्हते, आणि असा डोळा त्या काळी चर्चमधल्या चित्रांत सर्रास असे. इल्युमिनाटी मात्र खरे होते. जर्मनीतल्या बव्हेरियात इंगोलश्टाट विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या आडाम वाइसहाउप्टनं १ मे १७७६ ला ती संस्था काढली, तेव्हा त्यात पाचच जण होते. त्यांनी खरंच मेसन लॉजमध्ये शिरून आपलं आतलं वर्तुळ बनवायचा घाट घातला होता. तिथल्या शासकानं १७८४-८५ मध्ये बंदी घातली, घरांवर छापे पडले, सापडलेले कागद सरकारनं स्वतः छापले, आणि दहाएक वर्षांत सगळं आटोपलं. त्यानंतर १७९७ मध्ये एक फ्रेंच पाद्री आणि एक स्कॉटिश प्राध्यापक यांनी स्वतंत्रपणे लिहिलं की फ्रेंच राज्यक्रांती याच लोकांनी घडवली. मेलेल्या संस्थेला तेव्हापासून जे आयुष्य मिळालंय, ते जिवंतपणी तिला लाभलं नव्हतं.

पुतण्याला एक गोष्ट जरा गंभीर आवाजात सांगा. ‘आतलं सर्कल जग चालवतं’ या वाक्यामागून फार वेळा ‘आणि त्या सर्कलमध्ये ज्यू आहेत’ हे दुसरं वाक्य येतं. नाझींनी ज्यू आणि मेसन दोघांना एकाच पिशवीत घातलं, लॉज बंद केल्या, मेसनांना छावण्यांत पाठवलं. स्पेनमध्ये फ्रँकोनं १९४० मध्ये मेसनगिरी आणि साम्यवाद यांविरुद्ध एकच कायदा केला. व्हिडिओ बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतंच असं नाही. बघणाऱ्यानं ठाऊक करून घ्यावं.

तेहतिसाव्या डिग्रीचं उत्तर यजमानांनाही ऐकवा, कारण त्यांच्या अभिमानाचा धागा तिथेच अडकलाय. मूळ मेसनगिरीत डिग्र्या तीन. तिसरी घेतली की माणूस मास्टर मेसन झाला, संपलं. त्यापुढे रॉयल आर्च, मार्क, स्कॉटिश राइट अशा वेगळ्या शाखा आहेत, ज्याला हौस त्यानं जावं; प्रत्येक ठिकाणी वेगळी फी, वेगळा पोशाख, वेगळं पाठांतर. तेहतिसावी ही त्यातल्या एका शाखेतली मानाची पदवी. ती असलेला माणूस यजमानांच्या लॉजमध्ये येऊन कुणाला हुकूम सोडू शकत नाही. जगाचा असा एक प्रमुखही नाही. फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंटनं (तिथल्या मेसनांची मध्यवर्ती संस्था) १८७७ मध्ये ईश्वर मानण्याची अट काढून टाकली, तेव्हा इंग्लंडनं त्यांच्याशी संबंध तोडले, ते आजही जुळलेले नाहीत. अमेरिकेत १९५९ मध्ये ४१ लाख मेसन होते, आता दहा लाखांच्याही खाली आलेत. जग चालवणाऱ्यांना आपली वर्गणी भरणारी माणसं टिकवता येत नाहीत, हे मला तरी थोडं गमतीचं वाटतं.

आपल्याकडे तर संशयाची दिशा बराच काळ उलटी होती. कोलकात्यात १७३० पासून लॉज होत्या, पण शंभरेक वर्षं त्या गोऱ्यांच्याच. मुंबईचे माणेकजी कर्सेटजी इथल्या लॉजमध्ये घेत नाहीत म्हणून फ्रान्समध्ये दीक्षा घेऊन आले, तरी इथे दार उघडेना. शेवटी जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरनं १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज काढली, ती भारतीय माणसांना घेण्यासाठीच. पारशी आले, मुसलमान आले. हिंदूंबद्दल मात्र शंका: यांचे देव अनेक, मग हे ‘एक परमेश्वर’ मानतात असं कसं म्हणायचं? कोलकात्यात प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ मध्ये अर्ज केला, वरिष्ठांनी आडकाठी घातली, आणि दत्त चिकाटीनं झगडत राहिले. १८७२ मध्ये त्यांना आत घेतलं. बारा वर्षांनी, फेब्रुवारी १८८४ मध्ये, त्याच शहरातल्या अँकर अँड होप लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण मेसन झाला. पुढे तो स्वामी विवेकानंद म्हणून ओळखला गेला. सासूबाईंच्या देवघराशेजारी त्यांचा फोटो असेल तर हे जरूर सांगा. मोतीलाल नेहरू, फिरोजशहा मेहता हेही मेसनच. स्वातंत्र्यानंतर, १९६१ मध्ये, ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाली, पहिले ग्रँड मास्टर रामपूरचे नवाब. मुंबईत फोर्टात फ्रीमेसन्स हॉल नावानिशी उभा आहे. जुन्या काळी उत्तरेकडे लोक अशा इमारतींना जादूघर म्हणत, तेव्हा तुमच्या सासूबाई काही पहिल्या नाहीत. (तुम्हाला स्वतःला उत्सुकता असेल तर: बायका-पुरुष दोघांना घेणारी एक वेगळी शाखा १८९३ मध्ये पॅरिसला निघाली, आणि ॲनी बेझंट तिच्या मोठ्या पुढारी होत्या. पुरुषांच्या लॉज या शाखेला मोजत नाहीत.)

इथवर वाचून तुम्ही सुटकेचा श्वास टाकला असेल, तर थोडा परत घ्या. आतलं वर्तुळ ही नेहमीच फिरकी नसते. एकदा ते खरोखर सापडलंय, आणि तुमच्या प्रश्नाला मला त्याचाच उपयोग आहे.

इटलीत ‘प्रोपागांडा दुए’ नावाची लॉज होती, लोक तिला पी-टू म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ती निघाली ती खासदार-पुढाऱ्यांसाठी, ज्यांना आपापल्या गावच्या लॉजमध्ये जाणं जमत नसे. त्यांची नावं इतरांसमोर यायची नाहीत, ती सवलत म्हणून. विसाव्या शतकात ही सवलत लिचो जेल्ली नावाच्या माणसाच्या हाती पडली. मुसोलिनीच्या काळातला फॅसिस्ट, पुढे गाद्यांच्या कंपनीत नोकरी, मग कपड्यांच्या कारखान्यात अधिकारी. त्याचा हातखंडा एकच: ओळखी जमवणं. इटलीतल्या मेसनांनाच तो खुपायला लागला. १९७४ मध्ये लॉजप्रमुखांनी पी-टू बंद करावी असा ठराव केला. वर्षभरात ती पुन्हा उभी राहिली. १९७६ मध्ये तिचं काम कागदोपत्री स्थगित झालं. जेल्लीनं ते चालूच ठेवलं.

१७ मार्च १९८१ ला मिलानचे दोन तपास दंडाधिकारी मिकेले सिंदोना या दिवाळखोर बँकवाल्याचा माग काढत होते. त्यांच्या हुकमावरून जेल्लीच्या कारखान्यातल्या ऑफिसवर छापा पडला. तिथे यादी मिळाली: ९६२ नावं. विद्यमान मंत्री, खासदार, गुप्तचर संस्थांचे प्रमुख, लष्कर आणि पोलिसांतले बडे अधिकारी, सगळ्यांत मोठ्या वृत्तपत्राचा मालक आणि संपादक, आणि पुढे पंतप्रधान झालेला एक बिल्डर-टीव्हीवाला, सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी. मे महिन्यात यादी जाहीर झाली आणि त्याच महिन्यात सरकार पडलं. यादीतला बँकर रोबेर्तो काल्व्ही पुढच्या वर्षी जूनमध्ये लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली फासावर लटकलेला सापडला, खिशांत विटा. त्याची बँको अंब्रोसियानो बुडाली. संसदेनं तीना आन्सेल्मी या बाईंच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली. १९८२ मध्ये गुप्त संघटनांवर बंदी घालणारा कायदा झाला. आन्सेल्मीबाईंनी लढाईच्या काळात फॅसिस्टांविरुद्ध काम केलं होतं, पुढे त्या इटलीच्या पहिल्या महिला मंत्री झाल्या. त्यांच्यासमोर एवढं मोठं पुरुषमंडळ ततपप करत बसलं असेल, या कल्पनेनं मला अजूनही बरं वाटतं.

या सगळ्यात सैतान कुठे दिसला का? मगर? तिथे एक यादी होती, पत्रं होती, वर्गणीच्या पावत्या होत्या. माणसं आत गेली ती बढतीसाठी, कर्जासाठी, वरच्याशी ओळख व्हावी म्हणून. आणि नीट बघा: मेसनगिरीचा विधी छापील होता, डिग्र्या छापील होत्या, त्यात काहीच दडलेलं नव्हतं. दडवलेली होती नावं. कोण कोणाला बांधलेला आहे हे ना त्यांच्या वरिष्ठांना ठाऊक, ना इतर मेसनांना. बाकीच्या हजारो इटालियन मेसनांनी ही बातमी तुमच्या-माझ्यासारखी पेपरात वाचली. इंग्लंडमध्येही न्यायाधीश आणि पोलीस यांनी आपण मेसन असल्याचं जाहीर करावं की नाही यावर बराच खल झाला. न्यायाधीशांना १९९८ पासून ते सांगावं लागे, २००९ मध्ये ती अट काढली. तिथेही प्रश्न विधीचा नव्हता. खटल्यातला पक्षकार आणि न्यायाधीश एकाच लॉजचे असतील तर ते समोरच्याला कळायला हवं, इतकाच होता.

म्हणून यजमानांना गुप्त शब्द विचारू नका, पुढच्या वेळी बॅगही उघडून बघू नका. एखाद्या रविवारी, पुतण्या आणि सासूबाई दोघंही आसपास नसताना, चहा घेताना नावं आणि पैसे विचारा. लॉजचं नाव काय, क्रमांक काय, कुठल्या ग्रँड लॉजखाली? सभेची छापील सूचना येते, ती दाखवाल? खऱ्या लॉजला सनद असते, सेक्रेटरी असतो, खजिनदार असतो, हिशेब असतो. ‘वर फार मोठी माणसं आहेत’ म्हणजे कोण? आणि ज्या ‘आतल्या सर्कल’बद्दल हे बोलताहेत, ते सेक्रेटरीला माहीत आहे का? माहीत असेल तर ते सर्कल फार आतलं नाही, रॉयल आर्चसारखी एखादी शाखा असेल, बिनधास्त जाऊ द्या. माहीत नसेल, किंवा ‘त्यांना नको सांगायला’ असं उत्तर आलं, तर तिथून पुढे मेसनगिरी संपली आणि दुसरं काहीतरी सुरू झालं.

आठ लाखांबद्दल एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, ती नीट वापरा. लॉजमध्ये घेण्यापूर्वी प्रत्येकाला उघड सांगावं लागतं की मी पैशाच्या किंवा तसल्या कुठल्या फायद्याच्या हेतूनं येत नाहीये. यजमानांनीही ते म्हटलंय. ज्या ब्रदरला भांडवल हवंय त्यानंही म्हटलंय. तेव्हा ‘ब्रदर आहे, त्याला कागद कसे मागायचे’ असं यजमान म्हणाले, तर सांगा की ब्रदर आहे म्हणून कागद मागितल्यावर राग येणार नाही. धंद्याची नोंदणी, जीएसटीची विवरणपत्रं, बँकेचं स्टेटमेंट, भागीदारीचा लेखी करार, पैसे परत कधी आणि कसे, आणि कारखान्याच्या सीएनं हे सगळं वाचून दिलेलं मत. चाकणचा एखादा अनोळखी माणूस आठ लाख मागायला आला असता तर यजमानांनी यातलं काय काय मागितलं असतं? तेवढंच मागायचं, कमी नाही. कारखान्यात तुम्हीही भागीदार असाल तर तुमच्या सहीशिवाय हे होऊ देऊ नका, आणि सही कागद वाचल्यावरच करा. धंदा खरा असेल तर तो महिनाभर थांबेल. ‘या आठवड्यात द्या, मग आत घेतील’ असं कुणी म्हणत असेल तर पैसे देऊ नका आणि त्या लॉजच्या सेक्रेटरीला कळवा. त्यांना ते तुमच्यापेक्षा जास्त झोंबेल.

यजमानांवर फार उखडू मात्र नका. जॉबवर्क करणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो ते तुम्हाला ठाऊक आहे. मोठ्या कंपनीच्या पर्चेसवाल्या पोरासमोर तासभर ताटकळायचं, माल रिजेक्ट झाला की मान खाली घालून परत आणायचा. महिन्यातून एक संध्याकाळ असा माणूस सूट घालून जातो, तिथे डॉक्टर, वकील, निवृत्त कर्नल त्याला ब्रदर म्हणतात, त्याचं पाठांतर चांगलं झालं म्हणून पाठ थोपटतात. पन्नाशीला आलेल्या पुरुषाला नवे मित्र मिळणं किती अवघड असतं! ते त्यांचं राहू द्या. वर्गणी, जेवणं, देणग्या यांचा वर्षाचा आकडा दोघांनी मिळून ठरवा, म्हणजे तो कुरबुरीचा विषय उरणार नाही. बायकांना बोलावण्याचे त्यांचे कार्यक्रम असतात. यजमानांनी अजून नेलं नसेल तर मागे लागून जा. त्या ब्रदरला आणि त्याच्या बायकोला एकदा समोर बसून बघायला मिळेल. बायकोला धंद्याबद्दल किती माहीत आहे, ते सहज विचारून बघा.

स्थळाचं म्हणाल तर लपवू नका, आणि बायोडेटात छापूही नका. बैठकीत वडिलांच्या आवडीनिवडी निघतातच. कुणी रोटरीत असतो, कुणी गणपती मंडळाचा खजिनदार, तसंच ‘हे फ्रीमेसन आहेत, महिन्यातून एकदा जातात’ असं तुम्हीच आधी बोलून टाका. समोरच्यांनी काही विचारलं तर यजमानांना सांगू द्या, त्यांना आवडेल. लग्नानंतर जावयाला बाहेरून कळलं तर मात्र साध्या गोष्टीचं उगाच गुपित होऊन बसेल. आणि मुलीला आजच सांगा. तिला त्या व्हिडिओंवरून थोडंफार कळलंच असणार, आणि ते तिच्या चुलतभावाच्या आवृत्तीत.